तयार घटकांच्या संगणक प्रणाली : खरेदीनंतरची जबाबदारी

विहिरीवर विजेचा पंप बसविणारा शेतकरी मोटार स्वतः घडवीत नाही. मोटार एका कारखान्याची, स्टार्टर दुसऱ्याचा, पाइप तिसऱ्याचा आणि तळाचा फूटव्हॉल्व्ह चौथ्याचा, असे सर्व भाग तो तालुक्याच्या बाजारपेठेतून आणतो. गावातील जाणता कारागीर ते जोडून देतो आणि पाटात पाणी वाहू लागते. ही पद्धत शहाणपणाचीच आहे. परंतु काही वर्षांनी स्टार्टर बिघडतो आणि दुकानदार सांगतो की, हा नमुना कारखान्याने आता बंद केला आहे. नवा स्टार्टर घ्यावा तर तो जुन्या मोटारीला मानवत नाही. मोटार बदलावी तर पाइपाचे माप जुळत नाही. पीक मात्र पाण्यासाठी थांबत नाही. पंप विकत घेणे हे एका दिवसाचे काम होते. तो चालू ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, हे अशा वेळी उमगते.

शासकीय कार्यालये, रुग्णालये, बँका, बंदरे यांचा कारभार आज ज्या संगणक प्रणालींवर चालतो, त्यांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. सातबाराचा उतारा असो, शिधावाटप दुकानातील धान्याची नोंद असो की रुग्णालयातील तपासणीचा अहवाल असो, सामान्य नागरिकाची कामे आता या प्रणालींशी बांधली गेली आहेत. त्या उभारण्याविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. उभारल्यानंतर त्या सुस्थितीत कशा ठेवाव्यात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

तयार घटक म्हणजे काय?

एखादी संगणक प्रणाली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच संस्थेने लिहावी, असे आता सहसा घडत नाही. संगणकाचे मूलभूत कामकाज चालविणारी कार्यप्रणाली बाजारातून घेतली जाते. माहिती साठविणारा डेटाबेस, पडद्यावर पाने दाखविणारा ब्राउझर, विषाणूंपासून संरक्षण देणारे सॉफ्टवेअर हेही तयारच मिळते. त्याखेरीज लहानमोठी असंख्य कामे करणारे तयार भाग असतात. काहींचे पैसे मोजावे लागतात, तर काही स्वयंसेवी तज्ज्ञांनी लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेले असतात. प्रत्यक्ष कार्यालयासाठी म्हणून जे लिहिले जाते, ते बहुधा या भागांना एकमेकांशी सांधणारे आणि स्थानिक नियमांची भर घालणारे असते.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. वेळ वाचतो, खर्च आटोक्यात राहतो आणि हजारो ठिकाणी वापरून पारखलेली वस्तू हाती येते. प्रत्येक कार्यालयाने आपापला डेटाबेस लिहावयाचे ठरविले, तर ते प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःची मोटार ओतण्यासारखे होईल. तेव्हा तयार घटक घ्यावेत की नाहीत, हा वादाचा विषयच नव्हे. ते घेतल्यानंतर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हा खरा प्रश्न आहे.

देखभाल वेगळी कशी?

लोखंड गंजते, पट्टा झिजतो. सॉफ्टवेअरला झीज नाही. मग त्याची देखभाल कसली, असे कोणासही वाटेल. तथापि, सॉफ्टवेअर जुने होते ते सभोवतालचे जग बदलते म्हणून. नवी यंत्रे येतात, नियम बदलतात आणि आजवर कोणाच्याही लक्षात न आलेली एखादी उणीव चोरट्यांच्या दृष्टीस पडते. अशा वेळी निर्माता त्या उणिवेवर दुरुस्ती काढतो. तंत्रज्ञ तिला 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात.

स्वतः लिहिलेल्या प्रणालीत दुरुस्ती केव्हा व कशी करावयाची, हे आपण ठरवितो. विकत घेतलेल्या घटकाची मूळ आज्ञावली मात्र बहुधा आपल्या हाती नसते. नवी आवृत्ती केव्हा काढावयाची, जुनीला किती वर्षे साहाय्य द्यावयाचे आणि ते केव्हा थांबवावयाचे, हे निर्माता स्वतःच्या व्यापारी सोयीने ठरवितो. एका प्रणालीत असे वीस घटक असतील, तर वीस निर्मात्यांची वीस वेळापत्रके एकाच वेळी सांभाळावी लागतात. पुन्हा एका घटकाची नवी आवृत्ती दुसऱ्याच्या जुन्या आवृत्तीशी जुळेलच, याची शाश्वती नसते. थोडक्यात, घटक आपल्या दालनात असतो, पण त्याचे घड्याळ दुसऱ्याच्या भिंतीवर असते.

आयुष्य संपलेला घटक

दक्षिण आफ्रिकेच्या महसूल सेवेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील करदात्यांना विवरणपत्रे भरण्यासाठी जे ऑनलाइन नमुने उपलब्ध होते, त्यांतील काही 'फ्लॅश' नावाच्या तयार घटकावर बेतलेले होते. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचे साहाय्य बंद होईल, असे त्याच्या निर्मात्या अडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केले होते. जवळजवळ साडेतीन वर्षांची ही सूचना होती. तरीही जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश थांबला तेव्हा काही नमुने त्यावरच अवलंबून होते. शेवटी त्या महसूल सेवेला, केवळ जुने नमुने उघडावेत म्हणून, फ्लॅश चालविणारा स्वतःचा वेगळा ब्राउझर करदात्यांना द्यावा लागला. ज्या घटकाला जगाने असुरक्षित म्हणून निरोप दिला, तोच नागरिकांच्या संगणकावर पुन्हा बसविण्याची वेळ आली.

यात कोणी फसविले नव्हते. तारीख सर्वांना ठाऊक होती. पण ती तारीख आपल्या कामकाजाच्या आराखड्यात लिहून त्यासाठी माणसे व पैसा वेळेवर राखून ठेवला नाही, तर ठाऊक असूनही उपयोग होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होतो.

एकोणसाठ दिवस

दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न लावल्यास काय घडते, याचा दाखला ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत मिळतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'विंडोज' या कार्यप्रणालीत एक गंभीर उणीव असल्याचे आढळले आणि १४ मार्च २०१७ रोजी कंपनीने तिच्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती संगणक विभागाने मार्च व एप्रिलमध्ये रुग्णालयांना तशा सूचनाही धाडल्या. त्यानंतर शुक्रवार, १२ मे २०१७ रोजी, म्हणजे दुरुस्ती निघाल्यापासून एकोणसाठाव्या दिवशी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. संगणकातील माहितीला तो कुलूप घालीत असे आणि ते उघडण्यासाठी पैसे मागत असे.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकरणाची चौकशी केली. इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८० न्यासांच्या कामकाजात त्या दिवसांत व्यत्यय आला होता. त्यांच्या जोडीला ५९५ दवाखान्यांनाही झळ पोहोचली. सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटीच्या वेळा रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज करण्यात आला. पाच ठिकाणी तातडीच्या रुग्णांना अधिक दूरच्या रुग्णालयात जावे लागले. सुदैवाने एका तरुण संशोधकाला विषाणूतच दडलेली थांबण्याची कळ त्याच दिवशी सापडली. अन्यथा हानी कितीतरी वाढली असती.

या अहवालातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, जे संगणक बाधित झाले त्यांतील बहुतेक अतिजुने नव्हते. त्यांवर विंडोज ७ ही त्या वेळी साहाय्य मिळत असलेली आवृत्ती होती. फक्त दुरुस्ती लावलेली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. शरीराची अंतर्गत चित्रे काढणारी एमआरआयसारखी काही यंत्रे विंडोज एक्सपी ही जुनी कार्यप्रणाली पोटात घेऊनच विकली गेली होती. एक्सपीचे सर्वसाधारण साहाय्य एप्रिल २०१४ मध्येच संपले होते. यंत्र रुग्णालयाचे, पण त्याच्या आतील सॉफ्टवेअरला हात लावण्याची मुभा व क्षमता फक्त पुरवठादाराकडे. त्यामुळे रुग्णालयाने मनात आणले तरी त्याला स्वतः दुरुस्ती करणे शक्य नव्हते. यंत्राच्या किमतीची घासाघीस करताना 'आतील सॉफ्टवेअर कोण, किती वर्षे आणि किती दिवसांच्या आत सुधारून देणार?' हा प्रश्न विचारला गेला नाही, तर पुढे त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, असाच याचा अर्थ होय.

दुरुस्तीच घातक ठरते तेव्हा

मग आलेली प्रत्येक दुरुस्ती तत्काळ लावून टाकावी, असा निष्कर्ष काढावयाचा काय? तोही घाईचा ठरेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरचे एक लहानसे अद्ययावतन जगभरच्या संगणकांवर आपोआप पोहोचले. भारतीय वेळेनुसार तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. त्यातील नव्या माहितीला एकवीस रकाने अपेक्षित होते. संगणकावरील सॉफ्टवेअर मात्र वीसच पुरवीत होते. एवढ्याशा विसंगतीमुळे संगणक बंद पडून निळा पडदा दाखवू लागले. कंपनीने ७८ मिनिटांत अद्ययावतन मागे घेतले. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका संगणकाजवळ जाऊन तो पूर्ववत करावा लागला. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर प्रवासी खोळंबले आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले.

या घटनेतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या काही सावध संस्थांनी मुख्य सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लगेच न घेता एक पाऊल मागे राहण्याचा पर्याय स्वीकारला होता. परंतु हे अद्ययावतन वेगळ्या प्रकारचे असल्याने त्याला तो पर्याय लागू नव्हता आणि ते त्यांच्याकडेही पोहोचलेच. आपल्या प्रणालीत कोणत्या वाटेने काय आत येते, हे सर्व वाटांबाबत माहीत असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

याच्याही एक पाऊल पुढचे उदाहरण आपल्या राज्यातील आहे. युक्रेनमध्ये हिशेब व करभरणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका तयार सॉफ्टवेअरच्या अद्ययावतनातच हल्लेखोरांनी 'नॉटपेट्या' हा विध्वंसक विषाणू घुसविला आणि २७ जून २०१७ रोजी तो पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. एका देशातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे हजारो किलोमीटर दूरच्या रायगड जिल्ह्यात कंटेनर अडकून पडावेत, ही आजच्या परस्परावलंबनाची कहाणी आहे. सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणकांवर सर्व काही नव्याने बसवावे लागले, असे मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. कंपनीच्या जगभरच्या संगणकजाळ्याची किल्ली म्हणावी अशा माहितीची एकच प्रत वाचली होती आणि ती घानामधील कार्यालयात होती. विषाणू पसरत असताना तेथे वीज गेली असल्याने तो संगणक जाळ्यापासून तुटला होता, असे वृत्त नंतर प्रसिद्ध झाले. अर्थात, वीज जाण्याच्या योगायोगावर कोणालाही देखभालीचे नियोजन करता येत नाही.

आपल्या घरात काय काय आहे?

देखभालीची पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे काय आहे, हे माहीत असणे. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या खुल्या घटकातील गंभीर उणीव उजेडात आली. प्रणालीत घडणाऱ्या घटनांची रोजनिशी लिहिणे एवढेच त्याचे काम. ते तो इतक्या चोखपणे करीत असे की, जगभरच्या असंख्य सॉफ्टवेअरनी त्याला आपल्या पोटात सामावून घेतले होते. उणीव होती ती २०१३ मध्ये जोडलेल्या एका जादा सोयीत. आणि बहुसंख्य वापरणाऱ्यांना त्या सोयीची गरजही नव्हती. ती न वापरणारेही धोक्यात आले, कारण तयार घटक घेताना त्यातील नको असलेले गुणही पदरी पडतात.

स्वयंसेवी तज्ज्ञांनी रात्रीचा दिवस करून त्याच महिन्यात एकामागून एक दुरुस्त्या काढल्या. पण बहुतेक संस्थांपुढे त्याआधीचाच प्रश्न उभा होता. हा घटक आपल्याकडे आहे काय, आणि असल्यास कोठे? त्यांनी तो कधी स्वतः खरेदी केलाच नव्हता. विकत घेतलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत तो आला होता. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा परीक्षण मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात असा इशारा दिला की, या उणिवेचे अवशेष दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ प्रणालींमध्ये सापडत राहतील.

औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापलेली असतात, तशी सॉफ्टवेअरच्या आतील घटकांचीही यादी असावी, हा विचार या अनुभवानंतर अधिक दृढ झाला. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि २०२५ मध्ये त्यांची व्याप्ती वाढविली. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्याकडून ही यादी मागून घेणे हा ग्राहकाचा आग्रह असला पाहिजे.

देखभालीची पंचसूत्री

वरील अनुभवांतून कोणत्याही कार्यालयास आचरता येतील अशी पाच सूत्रे निघतात.

एक : नोंदवही ठेवावी. प्रणालीत कोणते घटक आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, पुरवठादार कोण, परवाना केव्हा संपतो आणि निर्मात्याचे साहाय्य कोणत्या तारखेस थांबणार, हे एकाच ठिकाणी लिहिलेले असावे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या कार्यालयाच्या नोंदवहीत ही तारीख आधीपासून होती, त्याला धावाधाव करावी लागली नसेल. ही नोंदवही एका कर्मचाऱ्याच्या डोक्यात नव्हे, तर कार्यालयाच्या दप्तरी हवी; त्याची बदली झाली तरी ती तेथेच राहिली पाहिजे.

दोन : आधी प्रयोग, मग वापर. मुख्य प्रणालीसारखाच एक लहान प्रायोगिक संच स्वतंत्र ठेवावा. आलेली दुरुस्ती प्रथम त्यावर लावून पाहावी, नंतर थोड्या संगणकांवर आणि मग सर्वत्र. दुरुस्ती जितकी तातडीची, तितका हा काळ आखूड करावा. पण वगळू नये. काही बिघडल्यास पूर्वस्थितीला कसे यावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे.

तीन : करारात भविष्य लिहावे. वार्षिक देखभाल करारात केवळ यंत्रांची साफसफाई व सुटे भाग नसावेत. उणीव आढळल्यास किती दिवसांत दुरुस्ती मिळेल, पुरवठादाराने धंदा बंद केल्यास मूळ आज्ञावली कशी उपलब्ध होईल आणि आपली माहिती दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात परत कशी मिळेल, या बाबी त्यात स्पष्ट हव्यात. मूळ आज्ञावलीची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेव म्हणून ठेवण्याची प्रथा यासाठीच आहे.

चार : घटकाला शक्यतो जसाच्या तसा वापरावा. आपल्या सोयीसाठी त्याच्या अंतर्भागात फेरफार करून घेतले, तर निर्मात्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते फेरफार पुन्हा करावे लागतात. त्याऐवजी आपले नियम सांधणाऱ्या भागात ठेवावेत. म्हणजे उद्या तो घटक काढून दुसरा बसविताना सारे घर उकलावे लागणार नाही.

पाच : देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. इमारतीच्या उद्घाटनाला समारंभ होतो, तिच्या गळक्या छपराच्या दुरुस्तीला होत नाही. संगणक प्रणालीचेही तसेच आहे. खरेदीची रक्कम एकदाच लागते. परवान्यांचे नूतनीकरण, प्रायोगिक संच, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि माहितीच्या जाळ्यापासून अलग ठेवलेल्या प्रती यांवरील खर्च मात्र दरवर्षीचा असतो. ज्या प्रस्तावात हा आकडा नाही, तो प्रस्ताव अपुरा आहे असेच समजावे.

शेवटी नागरिक

या सर्व गोष्टी तांत्रिक वाटल्या, तरी त्यांचे अंतिम माप तांत्रिक नाही. रद्द झालेली रुग्णालयातील भेट, न उघडलेले विवरणपत्र, विमानतळावरील रांग, बंदरात अडकलेला माल, ही ती मापे होत. प्रणाली बंद पडते तेव्हा तिचा निर्माता समोर नसतो. खिडकीपलीकडे उभा असतो तो रोजगार बुडवून आलेला नागरिक, आणि त्याला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढेच उत्तर मिळते. त्या उत्तरामागे कोठेतरी कोणी न वाचलेली तारीख किंवा न लावलेली दुरुस्ती असते.

तयार घटकांनी संगणक सर्वांच्या आवाक्यात आणला, यात शंका नाही. पण विकत घेता येतो तो घटक. त्याची काळजी विकत घेता येत नाही, ती घ्यावीच लागते. गावातील शहाणा शेतकरी पावसाळा संपताच पंप उघडून पाहतो, जादा वाशर व बुश घरात आणून ठेवतो आणि मगच निश्चिंत होतो. तीच दक्षता आपल्या कार्यालयांतील या न दिसणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत बाळगली गेली, तर त्यांवर विसंबलेल्या लाखो लोकांचा विश्वास सार्थ ठरेल.